लॅपटॉपला दोन पोर्ट आणि जोडायच्या सात वस्तू: यूएसबी हब निवडण्यापासून लावण्यापर्यंत

पुण्यात भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या कुणाचंही टेबल बघा. थंब मशीन (बोटांचे ठसे घेणारं यंत्र), वेबकॅम, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, कीबोर्ड, वायरलेस माउसचा डोंगल, जुन्या करारांची हार्ड डिस्क. आणि नव्या लॅपटॉपला यूएसबी पोर्ट दोन, फार तर तीन. मग 'सात पोर्टचा हब', म्हणजे एका पोर्टचे सात करून देणारी छोटी पेटी, शोधून त्यातला सगळ्यात स्वस्त मागवला जातो आणि काही दिवसांत थंब मशीन मधेच गायब व्हायला लागतं. समोर मालक, भाडेकरू आणि साक्षीदार ताटकळत बसलेले असतात.

मी हेच काम करतो. या कामासाठी निरनिराळे हब वापरून झाले, ओळखीच्या वकिलांच्या, सीएंच्या ऑफिसात लावूनही दिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: हबला पोर्ट किती आहेत याच्या आधी त्या पोर्टांना वीज कुठून आणि किती मिळणार हे विचारायचं. हबच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. घरून काम करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे, फोटोग्राफर अशा सगळ्यांनाच खालच्या पायऱ्या लागू पडतील. उदाहरणं मात्र माझ्या कामातली आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- लॅपटॉपचा मॉडेल नंबर आणि त्याच्या पोर्टांची माहिती (कंपनीच्या साइटवर मिळते)
- जोडायच्या सगळ्या वस्तू, त्यांच्या मूळ वायरींसह
- मोबाइलचा टॉर्च
- यूएसबी ३ चा एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क, आणि चार-पाच जीबीची एखादी व्हिडिओ फाइल
- पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर

१. आधी विजेचा हिशोब मांडा

यूएसबी पोर्ट ५ व्होल्टवर चालतो. साध्या यूएसबी २ पोर्टने ५०० मिलिअँपिअर करंट द्यावा आणि यूएसबी ३ पोर्टने ९०० मिलिअँपिअर, असा नियम आहे. हबला स्वतःचं अ‍ॅडॉप्टर नसेल तर त्याच्यावरच्या सगळ्या वस्तूंना मिळून एवढ्यातच भागवावं लागतं, आणि त्यातला थोडा करंट हब स्वतःसाठीही घेतो. सोसायटीच्या टाकीला नळ कितीही काढले तरी पाणी टाकीत असेल तेवढंच मिळतं, तसं हे आहे.

आता यादी करा. बहुतेक वस्तूंच्या मागे किंवा खोक्यावर करंट छापलेला असतो. छापलेला नसेल तर विंडोजसाठी 'यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर' नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. जोडलेली प्रत्येक वस्तू जास्तीत जास्त किती मिलिअँपिअर मागते आणि सध्या कोणत्या वेगाने चालू आहे, हे त्यात दिसतं. हा प्रोग्रॅम उतरवून ठेवाच, शेवटच्या पायऱ्यांतही तो लागणार आहे.

माझ्या टेबलाचा हिशोब साधारण असा आहे: कीबोर्ड १००, माउसचा डोंगल १००, थंब मशीन २००, वेबकॅम ३००, सहीचं टोकन १००, अडीच इंची हार्ड डिस्क ९००. एकूण १७०० मिलिअँपिअर. लॅपटॉपचा पोर्ट हमी देतो ती ९०० ची, म्हणजे जवळजवळ निम्म्याचा तुटवडा. यात हार्ड डिस्क सगळ्यात खादाड. तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ती नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. नीट बघितलंत तर त्याच क्षणी शेजारच्या थंब मशीनचा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट फाउंड' येतं. लोक मग थंब मशीनचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ड्रायव्हरचा यात काही दोष नसतो.

प्रिंटर आणि साडेतीन इंची मोठी हार्ड डिस्क या हिशोबात धरू नका. त्यांना स्वतःची वीज असते, हबचा फक्त एक पोर्ट अडतो.

आलेल्या बेरजेची दीडपट करा. माझ्या बाबतीत ती २५५० होते, म्हणजे ५ व्होल्ट ३ अँपिअरचं (३००० मिलिअँपिअरचं) अ‍ॅडॉप्टर पुरेसं आहे.

२. कोणता हब आपल्या कामाचा, ते ठरवा

फक्त कीबोर्ड, माउस, टोकन आणि अधूनमधून पेन ड्राइव्ह लावायचा असेल तर बिनअ‍ॅडॉप्टरचा चार पोर्टचा हब घ्या. उगाच जास्त पैसे घालू नका.

यादीत हार्ड डिस्क असेल, किंवा बाकीच्या वस्तूंबरोबर थंब मशीन आणि वेबकॅम एकाच वेळी चालवायचे असतील, तर अ‍ॅडॉप्टरवाला हबच घ्या. दुकानात त्याला 'पॉवर्ड हब' म्हणतात.

तिसरा प्रकार टाइप-सीचा. यात यूएसबीबरोबर एचडीएमआय (मॉनिटरचा पोर्ट), लॅनचा (नेटच्या वायरीचा) पोर्ट, कार्ड रीडर आणि चार्जिंगची सोय एकत्र मिळते. हा घेताना तीन ठिकाणी फसगत होते:

एक, लॅपटॉपचा प्रत्येक टाइप-सी पोर्ट मॉनिटरला चित्र देत नाही. काही पोर्टांतून फक्त डेटा जातो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' असा उल्लेख नसेल तर हबचा एचडीएमआय तुमच्याकडे मुकाच राहणार.

दोन, खोक्यावर '४के' छापलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतं. ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर बघून डोळे शिणतात. ४के मॉनिटर असेल तर ६० हर्ट्झच मागा.

तीन, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. लॅपटॉपचा चार्जर हबमधून लावला असेल आणि तो मधेच काढला किंवा घातला, तर बरेचसे हब क्षणभर सगळ्या वस्तू तोडून पुन्हा जोडतात. तेवढ्यात हार्ड डिस्कवर फाइल जात असेल तर ती अर्धवट राहते, कधी डिस्कच खराब दाखवते. कॉपी चालू असताना चार्जरला हात लावू नका. शिवाय ६५ वॉटचा चार्जर लावला तरी हब त्यातले काही वॉट स्वतःसाठी ठेवतो, त्यामुळे लॅपटॉप थोडा हळू चार्ज होतो. हा बिघाड समजू नका.

३. दुकानात गेल्यावर काय बघायचं

ऑनलाइन घेतलंत तरी चालेल, पण पहिला हब हातात घेऊन बघावा असं माझं मत आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली त्यासाठी चांगली. हब, अ‍ॅडॉप्टर, वायरी सगळं एका जागी मिळतं. गाडी लावण्याचा ताप नको असेल तर मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं.

*पोर्टच्या आत बघा.* टॉर्च मारा. यूएसबी २ च्या पोर्टमध्ये चार पट्ट्या असतात. यूएसबी ३ मध्ये त्या चारखेरीज आणखी पाच, म्हणजे एकूण नऊ. निळं प्लास्टिक ही फक्त रूढी आहे. आत चारच पट्ट्या असलेले निळे पोर्टही बाजारात आहेत. हीच तपासणी हबच्या लॅपटॉपकडे जाणाऱ्या पिनचीही करा.

*'एक अधिक तीन' ओळखा.* खोक्यावर मोठ्या अक्षरात यूएसबी ३.० लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात एकच पोर्ट ३ चा आणि बाकीचे तीन २ चे असतात. कीबोर्ड-माउससाठी हे ठीक आहे. दोन हार्ड डिस्क लावणाऱ्याने मात्र असा हब घेऊ नये.

*नावांच्या गोंधळात पडू नका.* २००८ साली यूएसबी ३.० आलं, पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. तिन्हींचा वेग एकच, ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट). खोक्यावर '३.२' वाचून जास्त पैसे देऊ नका. वेगाचा आकडा विचारा: ५ की १०? आमच्यासारख्या कामाला ५ भरपूर झाले.

*अ‍ॅडॉप्टरवरचा मजकूर वाचा.* हब सात पोर्टचा आणि सोबतचं अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट १ अँपिअरचं, अशा जोड्या सर्रास विकल्या जातात. सातही पोर्टांना ९०० मिलिअँपिअर द्यायचे तर ६.३ अँपिअर लागतील. एवढं मोठं अ‍ॅडॉप्टर फार थोड्या हबबरोबर येतं आणि सगळ्यांना त्याची गरजही नसते. तुमची दीडपट बेरीज मात्र त्यात बसली पाहिजे. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघा. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

*पोर्टमागे बटण असेल तर उत्तम.* प्रत्येक पोर्टला वेगळं बटण असलेला हब थोडा महाग पडतो, पण थंब मशीन अडकलं तर ते उपटून पुन्हा लावावं लागत नाही, बटण बंद-चालू केलं की झालं. थंब मशीनच्या पिनचं आयुष्य त्याने नक्की वाढतं.

*चार्जिंगचा पोर्ट वेगळा ओळखा.* काही हबवर एक-दोन पोर्ट फक्त मोबाइल चार्ज करण्यासाठी असतात. त्यावर पेन ड्राइव्ह लावला तर काहीच दिसत नाही.

४. अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल करू नका

हे वेगळं लिहितोय, कारण यात वस्तू जळतात. हबच्या अ‍ॅडॉप्टरची गोल पिन राउटरच्या, सेट-टॉप बॉक्सच्या पिनसारखीच दिसते आणि बसतेही. पण राउटरचं अ‍ॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचं असतं आणि बरेच हब ५ व्होल्टचे. ५ व्होल्टच्या हबला १२ व्होल्ट दिले तर हब जातोच, त्यावर लावलेल्या वस्तूही जाऊ शकतात. काही हब मुळात १२ व्होल्टचे असतात आणि आत स्वतः ५ करतात, त्यामुळे अंदाजाने काही ठरवू नका.

नवीन अ‍ॅडॉप्टर घ्यायची वेळ आली तर व्होल्ट तंतोतंत तोच हवा. अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनच्या आत धन की ऋण, याची छोटी आकृती दोन्हींवर छापलेली असते, तीही जुळली पाहिजे. घरी आल्या आल्या अ‍ॅडॉप्टरवर चिकटपट्टी लावून 'हब' असं लिहून टाका.

अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हबचं अ‍ॅडॉप्टर मरतं आणि हार्ड डिस्क मधेच तुटते. मे महिन्यात वळवाचा पाऊस गडगडायला लागला की मी हार्ड डिस्क रीतसर बाहेर काढून ठेवतो आणि अ‍ॅडॉप्टरही भिंतीवरून काढतो.

५. जोडण्याचा क्रम

१. हबला आधी अ‍ॅडॉप्टर लावा.
२. मग हबची वायर लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला. मधे लांब एक्स्टेंशन वायर घालू नका, वेगही पडतो आणि व्होल्टेजही.
३. विंडोजला हब ओळखू द्या, अर्धा मिनिट थांबा.
४. कीबोर्ड आणि माउस लावा.
५. थंब मशीन, टोकन, वेबकॅम एकेक करून. एक चालू झालं की पुढचं.
६. हार्ड डिस्क सगळ्यात शेवटी.

यूएसबी ३ ची वस्तू घालताना पिन हळूहळू सरकवू नका, एका दमात पूर्ण आत घाला. पुढच्या चार पट्ट्या आधी टेकल्या तर कधीकधी लॅपटॉप तिला यूएसबी २ समजून बसतो आणि मग ती त्याच कमी वेगाने चालत राहते.

एका हबवर दुसरा हब लावणं शक्यतो टाळा. नियमाने ते चालतं. किंबहुना बाजारातले बरेच सात पोर्टचे हब आतून चार-चार पोर्टच्या दोन चिपच एकमेकींना जोडून केलेले असतात. म्हणूनच त्यावर आणखी हब चढवला की गुंतागुंत लवकर वाढते.

६. कुठली वस्तू कुठल्या पोर्टवर

माउसचा डोंगल आणि हार्ड डिस्क शेजारी नकोत. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि वायरलेस माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: डिस्कवर कॉपी सुरू झाली की माउस अडखळतो, कॉपी संपली की सरळ. डोंगल हबवर न लावता लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. तो मोकळा नसेल तर यूएसबी २ ची छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल हबपासून लांब आणा. ही वायर फक्त डोंगलसाठी, हबसाठी नाही.

दोन वेबकॅम एका हबवर लावायचे झाले तर एक वेबकॅम थेट लॅपटॉपला द्या. हब यूएसबी ३ चा असला तरी यूएसबी २ च्या सगळ्या वस्तू त्यातल्या ४८० एमबीपीएसच्या एकाच वाटेने जातात, आणि त्यात कॅमेऱ्यांची गर्दी होते.

मग चिकटपट्टी काढा आणि प्रत्येक पोर्टवर नाव लिहा: थंब, कॅमेरा, टोकन. हे नुसतं टापटिपीसाठी सांगत नाहीये. ज्या वस्तूत स्वतःचा सिरियल नंबर साठवलेला नसतो, ती दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज तिला नवीन वस्तू समजतं आणि ड्रायव्हरची जुळवाजुळव नव्याने करतं. पक्षकारासमोर तेवढा वेळ जाणं बरं नाही. एक वस्तू, एक पोर्ट, कायमचं.

७. विंडोजची वीजबचत बंद करा

डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' खाली जेवढे 'यूएसबी रूट हब' आणि 'जेनेरिक यूएसबी हब' दिसतील, त्या प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब आहे का बघा. असेल तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिकमार्क काढून टाका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असेल तर तेही 'डिसेबल्ड' करा. चहा पिऊन आल्यावर थंब मशीन झोपलेलं सापडतं, ते यामुळे.

८. काम घेण्याआधी परीक्षा घ्या

मोठी व्हिडिओ फाइल हार्ड डिस्कवर कॉपीला लावा. ती चालू असतानाच कॅमेरा सुरू करा आणि थंब मशीनवर दोन-तीनदा बोट ठेवा. सगळं टिकलं तर जोडणी चांगली झाली.

कॉपीचा वेगही बघा. सेकंदाला ३५-४० एमबीवर अडकला असेल तर डिस्क यूएसबी २ वर चालली आहे (यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअरमध्येही ते दिसेल): वायर, पिन आणि लॅपटॉपचा पोर्ट तपासा. अडीच इंची फिरत्या डिस्कला १०० च्या आसपास वेग मिळाला की समाधान माना, त्यापुढची मर्यादा डिस्कची आहे. डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर कॉपी लगेच थांबवा, बहुधा वीज कमी पडतेय. ती थेट लॅपटॉपला लावून बघा. तिथेही टिकटिक असेल तर डिस्कच आजारी आहे, आधी डेटा काढून घ्या.

९. बिघडलं तर हबवर खापर फोडण्याआधी

थंब मशीनचा दिवा लागलाय, प्रोग्रॅमला मशीन सापडतंय, पण ठसाच येत नाहीये, तर हबला दोष देऊ नका. वयस्कर घरमालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, हिवाळ्यात बोटं कोरडी पडतात. "आजोबा, जरा ओल्या रुमालाला बोट पुसा आणि दाबून ठेवा," एवढं सांगितलं की पुष्कळदा काम होतं. नाही झालं तर दुसरं बोट. मशीनची काचही पुसून घ्या.

सगळ्याच वस्तू एकदम गेल्या तर अ‍ॅडॉप्टरची पिन ढिली आहे का बघा. एकच जाते, तर ती दुसऱ्या पोर्टवर तपासा. 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असा संदेश आला तर नुकती लावलेली वस्तू ताबडतोब काढा. तिच्यात किंवा वायरीत शॉर्ट असू शकतो. हब कोमट लागणं ठीक आहे, हात ठेववत नाही इतका तापला तर वापर थांबवा.

१०. पक्षकाराच्या घरी जाताना

अ‍ॅडॉप्टरवाला हब मी ऑफिसातच ठेवतो. घरोघरी फिरताना थंब मशीन एका पोर्टला, वेबकॅम दुसऱ्याला, दोन्ही थेट लॅपटॉपला. माउस ब्लूटूथचा. हार्ड डिस्क बरोबर न्यायची नाही. टोकनची गरज पडली तर वेबकॅमचं काम झाल्यावर तो काढून तिथे टोकन लावायचं. लॅपटॉपला एकच पोर्ट असेल तर बिनअ‍ॅडॉप्टरचा छोटा हब बॅगेत असू द्या, पण त्यावर थंब मशीन आणि वेबकॅम यांखेरीज काही लावू नका, आणि निघण्याआधी दोन्ही एकत्र चालवून बघा.

हबचं पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वॉरंटी संपण्याआधीच पुसट होतं.